तात्पुरता रिपीटर कायमचा करू नका : वायरलेस यंत्रणा निवडणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
बचाव पथके, औद्योगिक प्रकल्प, शैक्षणिक व वैद्यकीय संकुले आणि मोठ्या मेळाव्यांचे आयोजन यांसाठी वायरलेस यंत्रणेच्या खरेदीचा निर्णय घेणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य

विषय : फिरता की कायमस्वरूपी रिपीटर, या निर्णयाबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या बैठकीत रिपीटरचा, म्हणजे वॉकीटॉकीचा आवाज दूरवर पोहोचवणाऱ्या यंत्राचा, विषय निघतो तेव्हा बहुधा दोन दरपत्रके शेजारी शेजारी ठेवलेली असतात. एक पेटीतल्या, उचलून नेता येणाऱ्या संचाचे आणि दुसरे टॉवरवर किंवा गच्चीवर कायम बसवायच्या यंत्रणेचे. पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या मानाने इतका लहान असतो की चर्चा फार लांबत नाही. ‘सध्या पेटी घेऊ, पुढचे पुढे पाहू’ असा ठराव होतो, पेटी येते, गच्चीवरच्या खोलीत एका टेबलावर ठेवली जाते आणि तिथून ती पुन्हा कधी हलत नाही. अशा यंत्रणा उभारणे आणि त्या बिघडल्यावर पाहायला जाणे हे माझे काम आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फिरता रिपीटर आणि कायमस्वरूपी रिपीटर ही एकाच वस्तूची स्वस्त आणि महाग अशी दोन रूपे नाहीत, हे माझे मुख्य म्हणणे आहे. फिरता घ्यायचा असेल तर तो फिरवण्यासाठी घ्यावा. एका जागी ठेवायचा असेल तर एका जागी राहण्यासाठी बनवलेलाच घ्यावा.

रिपीटर कसा चालतो हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी सगळ्या निर्णयाचा भार त्याच्या एका गुणावर असल्याने ते थोडक्यात सांगतो. हातातला वॉकीटॉकी, म्हणजेच हँडसेट, एका फ्रिक्वेन्सीवर बोलतो, उंचावरचा रिपीटर ते ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, जास्त शक्तीने, ते पुन्हा प्रसारित करतो. वॉकीटॉकी बोलताना ऐकत नाही आणि ऐकताना बोलत नाही. रिपीटर दोन्ही एकदम करतो, तेही बहुतेक वेळा एकाच अँटेनावरून. त्याचा ट्रान्समीटर ५० वॅटचा असेल तर त्याची पातळी +४७ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत शक्ती मोजण्याचे डेसिबलमधले एकक) भरते, आणि त्याच पेटीतला रिसीव्हर त्याच वेळी −११९ डीबीएमच्या आसपासचा, म्हणजे जेमतेम पाव मायक्रोव्होल्टचा, क्षीण सिग्नल पकडण्याच्या खटपटीत असतो. या दोहोंत १६६ डेसिबलचे अंतर आहे. ते सांभाळण्याचा काही भार रिसीव्हरची स्वतःची निवडक्षमता उचलते, उरलेले काम डुप्लेक्सर नावाच्या फिल्टरकडे येते. ट्रान्समीटरची मुख्य लहर रिसीव्हरपर्यंत जाऊ द्यायची नाही, आणि ट्रान्समीटर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या आजूबाजूला जी खरखर सांडतो तिचा रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर पडणारा भागही अडवायचा, अशी दोन कामे त्याला एकदम करावी लागतात. त्यात तो कमी पडला की रिपीटर आपल्याच प्रसारणाने बहिरा होतो. याला आम्ही डिसेन्स म्हणतो. ‘रिपीटर लागतो, पण बोलणे तुटते’ अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी तोच तपासतो.

आता पेटीत काय असते ते पाहा. तिथे जागा नसल्यामुळे हाताच्या पंजाएवढा, नॉच प्रकारचा, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी तेवढी कापणारा, डुप्लेक्सर बसवलेला असतो. यूएचएफवर (३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात) ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीत ५ मेगाहर्ट्झ किंवा अधिक अंतर असेल तर तो आपले काम चोख करतो. व्हीएचएफवर (त्याखालच्या, ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात) हे अंतर कमी असले, उदाहरणार्थ हौशी रेडिओच्या २ मीटर पट्ट्यात सर्रास असते तसे ६०० किलोहर्ट्झ, तर एवढ्याशा डुप्लेक्सरने भागतच नाही. शिवाय नॉच डुप्लेक्सर कापतो ती मुख्यतः स्वतःच्या ट्रान्समीटरची लहर. बाहेरून येणाऱ्या बाकीच्या लहरींना तो फारसा अटकाव करत नाही. मोकळ्या डोंगरमाथ्यावर त्यामुळे काही बिघडत नाही, कारण तिथे दुसरे कोणी प्रसारण करत नसते. तीच पेटी पाच संस्थांचे अँटेना दाटीने लागलेल्या टॉवरच्या पायथ्याशी कायमची ठेवली, की शेजाऱ्यांच्या ताकदवान लहरी थेट रिसीव्हरवर येऊन आदळतात. कायमस्वरूपी यंत्रणेत मोठ्या धातूच्या कॅव्हिटी असतात. त्या आपल्या फ्रिक्वेन्सीचा अरुंद पट्टा तेवढा आत सोडतात. ट्रान्समीटरच्या पुढे आयसोलेटर असतो, म्हणजे शेजाऱ्याची लहर केबलमधून उलटी ॲम्प्लिफायरमध्ये शिरून तिथे नको त्या फ्रिक्वेन्सी तयार होत नाहीत. दरपत्रकातला फरक बराचसा या सामानाचा असतो, आणि ते काटण्याजोगे वाटते कारण चाचणीच्या दिवशी त्याच्यावाचून काहीच अडत नाही.

दुसरी बाब उष्णतेची. बहुतेक पेट्यांच्या आत गाडीत बसवायचे दोन रेडिओ असतात, एक ऐकणारा आणि एक बोलणारा. गाडीतला रेडिओ अधूनमधून बोलेल असे धरूनच त्याची उष्णता बाहेर टाकण्याची सोय केलेली असते. रिपीटरच्या वाट्याला ही उसंत येत नाही. २० हँडसेटपैकी प्रत्येक जण तासाभरात दोनच मिनिटे बोलला, तर प्रत्येक हँडसेटला ५८ मिनिटे विश्रांती मिळते. रिपीटरला मात्र सगळ्यांची मिळून ४० मिनिटे प्रसारण करावे लागते, आणि प्रत्येक बोलण्यानंतर तो दोन-तीन सेकंद लहर धरून ठेवतो तो वेळ वेगळाच. म्हणून ५० वॅटचा गाडीतला रेडिओ रिपीटरमध्ये २० वॅटच्या आत ठेवणे शहाणपणाचे असते. ज्या दरपत्रकात नुसते ‘५० वॅट’ आहे, पण सलग प्रसारणाला किती वॅट हे नाही, ते अपुरे समजून परत पाठवावे.

गच्चीवरच्या खोलीत कायमची झालेली पेटी कशी दिसते, ते वर्णन करून सांगण्यासारखे आहे. झाकण उघडे असते, कारण बंद केले की आतला रेडिओ तापून स्वतःची शक्ती कमी करतो. त्याच्यावर एक टेबलफॅन रोखलेला असतो. अँटेनाची केबल खिडकीच्या फटीतून बाहेर गेलेली असते आणि फट कापडाने बुजवलेली असते. चार्जर अहोरात्र लावलेला असल्याने शिसे-आम्ल बॅटरीच्या कडा फुगलेल्या असतात. टेबलाला ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते, आणि ती कोणी लिहिली हे कोणालाच माहीत नसते. ही पेटी मुळात वाईट नसते. तिला जे काम दिले ते तिचे नव्हते.

मग तिचे काम कोणते? जिथे माणसे कुठे असतील हे आधी सांगता येत नाही तिथे फिरत्या रिपीटरला दुसरा पर्याय नाही. अमेरिकेत जंगलातले वणवे विझवणाऱ्या पथकांना आयडाहो राज्यातील बॉयसी येथल्या राष्ट्रीय केंद्राच्या भांडारातून रेडिओसंच पुरवले जातात. त्यांत बॅटरीवर चालणारे रिपीटरही असतात. आग कुठे लागेल हे ठाऊक नसते, म्हणून रिपीटर जागेवर थांबत नाही. जिथे आग असेल तिथल्या माथ्यावर, वेळ पडल्यास हेलिकॉप्टरने, तो नेला जातो आणि काम संपले की भांडारात परत येतो. तिथे तो तपासून, चार्ज करून पुन्हा फळीवर ठेवला जातो. या व्यवस्थेचे खरे बळ त्या परत येण्यात आहे. आपल्या संस्थेत पेटी परत घेणारा, उघडून पाहणारा आणि बॅटरी तपासणारा माणूस नेमलेला नसेल, तर फिरता रिपीटर घेऊनही तो फिरेल याची खात्री नाही.

‘फिरता’ या विशेषणाने आणखी एक समज होतो, तो दूर केला पाहिजे. पेटी कुठेही नेता येते, पण तिच्यातला डुप्लेक्सर एका ठरावीक फ्रिक्वेन्सी जोडीसाठी जुळवलेला असतो. रेडिओची फ्रिक्वेन्सी लॅपटॉप जोडून पाच मिनिटांत बदलता येते; डुप्लेक्सर मात्र मोजयंत्रे असलेल्या टेबलावर, स्क्रू थोडे थोडे फिरवून जुळवावा लागतो, आणि ते काम रात्री पावसात तंबूत बसून होत नाही. ज्यांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर काम करायचे असते त्यांच्यासाठी डुप्लेक्सर टाळणारे मार्ग आहेत. एक क्रॉसबँडचा : एका बाजूने व्हीएचएफवर ऐकायचे आणि दुसऱ्या बाजूने यूएचएफवर बोलायचे, किंवा याच्या उलट; दोन पट्टे इतके दूर असतात की साध्या फिल्टरवर निभावते. मात्र व्हीएचएफ फ्रिक्वेन्सीची तिप्पट यूएचएफच्या वापरातल्या फ्रिक्वेन्सीवर पडणार नाही एवढे पाहावे लागते. १४५ मेगाहर्ट्झची तिप्पट ४३५ होते, हे उदाहरण पुरेसे आहे. दुसरा मार्ग डीएमआर या डिजिटल रेडिओ पद्धतीचा. त्यात साडेबारा किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर वेळेचे दोन कप्पे आळीपाळीने चालतात, प्रत्येकी ३० मिलिसेकंदांचे. काही डीएमआर संच एका कप्प्यात ऐकून दुसऱ्या कप्प्यात त्याच फ्रिक्वेन्सीवर पुन्हा बोलू शकतात, त्यामुळे डुप्लेक्सरही लागत नाही आणि दुसरी फ्रिक्वेन्सीही लागत नाही. किंमत एवढीच की दोन संभाषणांऐवजी एकच चालते. जिन्यात, तळघरात किंवा दरीच्या तोंडाशी तात्पुरती कडी जोडायला हा मार्ग मला फार आवडतो. बोगदे आणि खाणींसाठी मात्र लांबवर लहर झिरपवणारी केबलच लागते; तो विषय वेगळा आहे.

आता वॅटविषयी. समित्यांच्या टिपणांत वॅटचा आकडा सर्वांत वर असतो आणि उंची शेवटच्या ओळीत असते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. सपाट भूभागावर अँटेनाचे रेडिओ-क्षितिज किती किलोमीटर दूर असते हे काढायला सोपा हिशेब आहे : मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ गुणिले ४.१२. सहा मीटरच्या मास्टवर, म्हणजे अँटेनाच्या खांबावर, ते १० किलोमीटर येते, २४ मीटरवर २०. त्यात माणसाच्या तोंडाजवळच्या, दीड मीटर उंचीवरच्या हँडसेटचे ५ किलोमीटर मिळवायचे. वाटेत टेकडी किंवा इमारत असली तर हा हिशेब कोसळतो, पण दिशा बरोबर दाखवतो. वॅट दुप्पट केल्याने या क्षितिजात एका मीटरचीही भर पडत नाही. २५ चे ५० वॅट केले की मिळतात ३ डेसिबल, आणि तेही जाणाऱ्या आवाजात. येणाऱ्या आवाजात काहीच नाही.

खरी अडचण येणाऱ्या आवाजातच असते. रिपीटर ५० वॅटने बोलतो, हँडसेट ५ वॅटने. म्हणजे दोन दिशांत आधीच १० डेसिबलचा फरक. त्यात माणूस हँडसेट कमरेला अडकवून कॉलरवरच्या माइकमधून बोलत असेल तर त्याचे शरीरच सिग्नलचा मोठा हिस्सा गिळते. परिणाम असा की काठावरच्या माणसाला सगळे स्वच्छ ऐकू येते, त्याला वाटते आपण संपर्कात आहोत, आणि त्याची हाक मात्र कोणापर्यंत पोहोचत नाही. तोंड मोठे आणि कान लहान असलेल्या अशा रिपीटरवर विसंबण्यापेक्षा रिपीटर नसलेला बरा, कारण तेव्हा माणूस निदान संपर्काच्या भरवशावर पुढे जात नाही. म्हणून कायमस्वरूपी यंत्रणेत पैसे उरले तर ते वॅटमध्ये घालू नका. चांगला अँटेना घ्या, चांगली केबल घ्या, आणि तरीही कोपरे उरत असतील तर तिथे फक्त ऐकणारे जादा रिसीव्हर बसवून, त्यांतला सर्वांत स्वच्छ आवाज निवडणारी व्होटिंगची व्यवस्था करा.

केबलचे एवढे का? आरजी-५८ ही करंगळीहून बारीक केबल यूएचएफवर ३० मीटरमध्ये साधारण ८ ते १० डेसिबल गिळते. खाली ५० वॅट दिले तर वर अँटेनाला ५ ते ८ वॅट मिळतात, आणि वरून येणाऱ्या क्षीण हाकेचीही तीच गत होते. जाड, पन्हळी तांब्याच्या आवरणाच्या फीडरमध्ये तेवढ्याच लांबीत एका डेसिबलच्या आसपासच नुकसान होते. मधल्या किमतीची, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर कथिलाच्या मुलाम्याची जाळी गुंडाळलेली केबल एकेरी, म्हणजे एका वेळी फक्त बोलणाऱ्या किंवा फक्त ऐकणाऱ्या, रेडिओला उत्तम आहे. पण रिपीटरला ती शक्यतो वापरू नये. एकाच केबलमधून एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे चालू असते, दोन धातू एकमेकांवर घासतात, आणि काही महिन्यांनी वारा सुटला की रिसीव्हरवर अशी खरखर येते की तिचा उगम सापडता सापडत नाही. फिरत्या संचात केबल आखूड असते आणि दरवेळी नव्याने जोडली जाते, तिथे हा दोष सहसा जाणवत नाही. तीच केबल पेटीबरोबर कायमची झाली की जाणवू लागतो.

विजेचा हिशेब आपण स्वतः करू शकता आणि तो करावा, अशी माझी विनंती आहे. १० वॅटचा फिरता रिपीटर बोलताना साडेतीन अँपिअर आणि नुसता ऐकताना अर्धा अँपिअर घेतो असे धरू. २४ तासांपैकी सहा तास प्रसारण झाले तर २१ आणि उरलेल्या अठरा तासांचे ९, मिळून ३० अँपिअर-तास. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये म्हणून ती ६० अँपिअर-तासांची घ्यावी लागेल, म्हणजे वीसेक किलोचे ओझे आले; लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारात ४० अँपिअर-तासांची पाच-सहा किलोंत येते. हीच गणना ५० वॅटच्या, बोलताना ११ अँपिअर घेणाऱ्या संचासाठी केली तर दिवसाला ७५ अँपिअर-तास होतात. विक्रेत्याच्या पत्रकातले ‘१२ तास चालतो’ हे वाक्य प्रसारणाचा किती वाटा धरून लिहिले आहे, ते विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. कायमस्वरूपी यंत्रणेत हा हिशेब आणखी कडक हवा, कारण मोठ्या संकटात वीज बहुधा सर्वांत आधी जाते आणि रिपीटरची गरज नेमकी त्यानंतर वाढते.

कायमस्वरूपी यंत्रणेची बाजू घेतो आहे असे वाटेल, म्हणून तिचेही दोष सांगतो. ती एकदा बसली की विसरली जाते. वरच्या जोडणीवर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी नीट गुंडाळलेली नसेल, केबल आत शिरण्यापूर्वी खाली वळवून पाण्याला ठिबकण्याची जागा ठेवलेली नसेल, तर एका पावसाळ्यात जोडणीत पाणी शिरते. अँटेनाकडून परत येणारी शक्ती वाढते, ट्रान्समीटर स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करतो, आणि खाली कोणालाच काही कळत नाही. फक्त ‘हल्ली रेंज कमी झाली आहे’ असे लोक म्हणू लागतात. आकाशातल्या विजेपासून रक्षणासाठी सर्ज अरेस्टर केबलच्या प्रवेशाशीच हवा आणि त्याचे अर्थिंग इमारतीच्या विद्युत अर्थिंगशी जोडलेले हवे. दोन वेगळी, एकमेकांशी न जोडलेली अर्थिंग असली तर वीज पडल्यावर त्यांच्यातला विद्युतदाबाचा फरक यंत्रातूनच वाट काढतो. जागा दुसऱ्याच्या मालकीची असेल तर रात्री दोन वाजता किल्ली कोणाकडे असेल हे करारात लिहिलेले असावे. दोन-तीन ठिकाणचे रिपीटर इंटरनेटने जोडलेले असतील तर जोडणी तुटल्यावर प्रत्येकाने आपापल्या परिसरापुरते काम चालू ठेवले पाहिजे. हे सेटिंग असते, पण ते केले आहे का हे सहसा कोणी विचारत नाही. देखभाल करार न करता कायमस्वरूपी यंत्रणा घेणार असाल, तर फिरती घेऊन ती नीट सांभाळणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आणि यंत्र कितीही पक्के असले तरी ते चालू आहे की नाही हे वापरणाऱ्याला ओळखता आले पाहिजे. न्यू यॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या स्फोटानंतर अग्निशमन दलाच्या हँडसेटसाठी कायमस्वरूपी रिपीटर बसवण्यात आला होता. दलाच्या परिसरातल्या इतर संभाषणांत व्यत्यय नको म्हणून तो सतत चालू न ठेवता गरजेपुरताच चालू करावा, असे ठरले होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी तो चालू करण्यात आला. पण तळमजल्यावरच्या नियंत्रण-टेबलावरील मुख्य हँडसेटवरून बोलण्यासाठी लागणारे दुसरे बटण दाबले गेले नाही, असे चौकशी आयोगाचा २००४ चा अहवाल सांगतो. उत्तर मनोऱ्याच्या तळाशी अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली, रिपीटर चालत नाही असा निष्कर्ष काढला आणि ते दुसऱ्या चॅनलवर गेले. दक्षिण मनोऱ्यात मात्र काही अधिकाऱ्यांनी तोच रिपीटर वापरला आणि तो चालला. तिथे यंत्र निवडण्यात चूक झालेली नव्हती. म्हणून रिपीटर कायमस्वरूपी असेल तर तो शक्यतो सतत चालू ठेवावा, आणि रोज कोणीतरी त्याच्यावरून एक हाक देऊन उत्तर घ्यावे. प्रत्येक हँडसेटमध्ये रिपीटरला वगळून थेट एकमेकांशी बोलण्याचा चॅनल असावा, आणि तो कोणत्या क्रमांकावर आहे हे प्रत्येकाला पाठ असावे.

परवान्याचा विचार खरेदीनंतर करू नये. कायमस्वरूपी केंद्राचा परवाना सहसा ठरावीक जागेला, अँटेनाच्या उंचीला आणि शक्तीला बांधलेला असतो; फिरत्यासाठी क्षेत्रभर वापरता येईल अशी परवानगी लागते, आणि ती प्रत्येक देशाच्या दूरसंचार नियामकाच्या अटींनुसार मिळते. ‘हौशी रेडिओच्या पट्ट्यात काम चालवू’ हा सल्ला संस्थांनी घेऊ नये. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या व्याख्येतच ती सेवा आर्थिक हितसंबंधाविना, निव्वळ व्यक्तिगत हेतूसाठी असल्याचे म्हटले आहे. मोबाइल जाळ्यावर चालणारे वॉकीटॉकी हाही पर्याय पुढे केला जातो. नेहमीच्या दिवशी ते छान चालतात. मोबाइलचे जाळे कोलमडते त्या दिवशी तेही बंद पडतात, एवढे लक्षात ठेवून ते घ्यावेत.

आपल्याकडून माझी अपेक्षा काय, ते आता नेमके लिहितो. निविदा काढण्यापूर्वी एक नकाशा घ्या आणि त्यावर यंत्रणा जिथे चालायलाच हवी अशा सर्वांत अडचणीच्या जागा खुणा करून ठेवा : तळघर, मागची भिंत, दरीतली पायवाट, जिथे कोणी अडकू शकेल ती जागा. या खुणा वर्षभर तिथेच राहणार असतील तर आपल्याला कायमस्वरूपी यंत्रणा हवी आहे. प्रत्येक कामागणिक त्या बदलणार असतील तर फिरती हवी आहे. दोन्ही प्रकारच्या खुणा असतील, तर एका पेटीवर दोन्ही कामे ढकलू नका. आधी कायमस्वरूपी बसवा आणि पेटी पुढच्या वर्षी घ्या.

कायमस्वरूपीचा निर्णय झाला तर आधी एक फिरता रिपीटर भाड्याने आणा आणि नियोजित जागी, नियोजित उंचीवर दोन दिवस चालवा. त्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. एका माणसाला रोजच्या वापरातला हँडसेट, रोज जसा अडकवतो तसाच, घेऊन नकाशावरच्या प्रत्येक खुणेवर पाठवा. त्याने तिथून अनोळखी आकड्यांची मालिका वाचावी आणि नियंत्रणकक्षात दुसऱ्याने ती ऐकून लिहावी. ‘येतोय का आवाज?’ ‘येतोय’ अशी चाचणी काही सांगत नाही, कारण अपेक्षित शब्द माणूस खरखरीतूनही ओळखतो. लिहिलेले आकडे ताडून पाहिले की कुठे काय चुकते ते कागदावर येते, आणि तो कागद निविदेला जोडता येतो.

निविदेत सलग प्रसारणाची शक्ती, डुप्लेक्सरचा प्रकार, केबलचे नाव आणि लांबी, आणि वीज गेल्यावर किती तास, प्रसारणाचा किती वाटा धरून, हे सगळे मागा. एखाद्याच्या हँडसेटचे बटण दाबलेले राहिले तर सगळा चॅनल अडू नये म्हणून हँडसेटवर एका मिनिटाची आणि रिपीटरवर तीन मिनिटांची मर्यादा लावलेली असावी. यंत्रणा ताब्यात घेताना डिसेन्सची चाचणी आपल्या प्रतिनिधीसमोर झाली पाहिजे. ती अवघड नाही. मोजयंत्रातून क्षीण सिग्नल रिसीव्हरला देतात, तो इतका कमी करतात की आवाजात खरखर मिसळू लागते, आणि मग ट्रान्समीटर सुरू करतात. खरखर होती तेवढीच राहिली तर यंत्रणा पास. वाढली तर नापास, आणि ते ऐकायला अभियंता असावे लागत नाही. ही चाचणी प्रत्यक्ष अँटेना जोडूनही करायला सांगा, कारण नुसत्या डमी लोडवर (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडतात त्या भारावर) केबलचे आणि जोडण्यांचे दोष लपतात. त्या दिवशीचे आकडे, म्हणजे जाणारी शक्ती, परतणारी शक्ती आणि रिसीव्हरची संवेदनशीलता, एका वहीत लिहून ती वही रिपीटरच्या खोलीतच ठेवा, आणि देखभाल करणाऱ्याने दर सहा महिन्यांनी त्याच पानावर खाली नवे आकडे लिहावेत, ही अट करारात घाला.

ज्या संस्थांच्या गच्चीवर पेटी आधीच कायमची होऊन बसली आहे, त्यांनी ती लगेच फेकून देण्याचे कारण नाही. तिची शक्ती कमी करा, बॅटरी बदला, वरीलप्रमाणे डिसेन्सची चाचणी करून घ्या, आणि येत्या अंदाजपत्रकात तिच्या जागी योग्य यंत्रणेची तरतूद करा. ती बसली की पेटी उतरवून, तपासून, मास्ट आणि केबलसह एकत्र बांधून ठेवा. बदली संच म्हणून आणि कामाच्या जागी नेण्यासाठी ती पुढेही उपयोगी पडेल, मात्र तिची नोंद एका माणसाच्या नावावर असू द्या.

कळावे,

आपला नम्र,
वायरलेस यंत्रणांची उभारणी व देखभाल करणारा एक तंत्रज्ञ